श्वास भरल्यावरचं माप

माझ्या धाकट्या जावेबद्दल चांगलं बोलायचं झालं तर मला आधी घोटभर पाणी लागतं. तरी सांगते. तिच्याबद्दल वाईट बोलायला काही सापडत नाही, आणि माझं वीस वर्षांचं दुखणं तेच आहे.

ती आमच्या घरात आली तेव्हा मी सात वर्षांची जुनी सून होते. सासूबाईंची औषधं, सासऱ्यांच्या डोळ्यांत घालायचे थेंब, धाकट्या भाऊजींच्या शर्टाची बटणं, सगळं माझ्या हाताखालून जायचं. कुणी कधी छान म्हटलं नाही. ही आली आणि तिसऱ्याच दिवशी तिने सासूबाईंच्या चष्म्याची निखळलेली काडी दोऱ्याने बांधून दिली. तो चष्मा सासूबाई महिनाभर शेजारीपाजारी दाखवत फिरल्या. त्याच सासूबाईंना मी सात वर्षं डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते, त्याची बातमी काही शेजारी पोचली नाही.

दिसायला ती काही फार नाही. बुटकी, समोरचे दात जरा पुढे, आणि हसताना तोंडावर हात धरायची अक्कल नाही. वडील छत्र्या दुरुस्त करायचे. त्यांच्या पायाशी बसून ही काळ्या कापडाचे तुकडे जोडायला शिकली, तेही डाव्या हाताने. लग्नानंतर घरी शाळेचे गणवेश आणि पडदे शिवायची. मशीन चालू असताना गुणगुणायची, ते बेसूर असायचं आणि तरी सगळ्यांना आवडायचं. मी गुणगुणले असते तर आमचे हे म्हणाले असते, पंखा आवाज करतोय का बघ.

माझं एक मात्र स्वतःचं होतं. विद्यापीठाच्या नाट्यगृहाचा कपडेपट. रंगमंचाच्या बरोबर खाली तळघरात लांबच लांब खोली, डोक्यावर नळ, आणि छताला टेकलेल्या दोन खिडक्या. त्यांतून फक्त रस्त्यावरचे पाय दिसायचे. बुटांवरून मी ओळखायचे कोण उशिरा येतंय. सुट्टी संपली की हंगाम सुरू. आधी वाद्यवृंदाची संध्याकाळ, त्याला काळे कपडे आणि तुटलेली बटणं एवढंच काम. मग दोन नाटकं. आणि शेवटी ऑपेरा, त्यात संगीत, नाट्य, नृत्य सगळे विभाग एकत्र जुंपलेले. ऑपेरा म्हणजे ज्यात माणसं मरता मरताही गातात, असं आमचे हे म्हणतात. ते एकदाच आले होते आणि मध्यंतरानंतर झोपले.

मला तिथे कामाला लावलं ते मास्तरांनी. पन्नास वर्षं कात्री धरलेला माणूस, बोलायचे कमी, टोचायचे जास्त. ते गेल्यावर कपडेपट माझा झाला. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर, सगळ्यात खाली, छपाई करणाऱ्याच्या वर एक ओळ असायची, वेशभूषा, आणि पुढे माझं नाव. एकोणीस हंगाम ती ओळ माझी होती. अक्षर इतकं बारीक की सासूबाईंना चष्मा लावूनही वाचता यायचं नाही. मला यायचं.

आणि या कपडेपटात धाकटीला मीच आणली. दुसरं कोणी नाही, मीच. एका नाटकात गर्दीचे चाळीस कपडे होते, सगळ्यांच्या कडा दुमडायच्या होत्या आणि वेळ चार दिवसांचा. मी म्हटलं, चल गं चार दिवस. तिने दोन दिवसांत संपवलं, आणि मग गेलीच नाही.

महिन्याभरात खोलीचा वास बदलला. म्हणजे वास तोच, इस्त्रीचा आणि घामाचा, पण मुलं यायला लागली. आधी मुलं माप द्यायला यायची आणि पळायची. आता कुणी शिवण उसवली म्हणून, कुणी उगाच, कुणी परीक्षेत नापास झालं म्हणून येऊन तिच्या टेबलाशी बसायची. मला "बाई" म्हणायची आणि तिला "मावशी". मी मुलांना कधी मावशी म्हणा म्हटलं नव्हतं, हे खरं. पण कुणी आपणहून म्हटलं असतं तर मी काही चावले नसते.

मग नवे सर आले. ऑपेरा आणि नाटकं बसवणारे. उंच, घाईचे, गळ्यात दोऱ्याला लटकवलेलं पेन. त्यांच्या पहिल्याच नाटकात एका पात्राला वीस आकडे मोजेपर्यंत म्हाताऱ्याचा तरुण व्हायचं होतं. मी तीन प्रकार करून बघितले, एकही जमेना. धाकटी म्हणाली, "जाऊबाई, कोट पाठीकडून उघडला तर? छत्रीसारखा?" आणि तिने तो पाठीतून कापला. पात्र विंगेत शिरलं, कोट मागे गळून पडला, तेरा आकड्यांत पोरगा तरुण. सर स्वतः खाली आले. माझ्यासमोरून चालत तिच्या टेबलापर्यंत गेले आणि तिचा हात हातात घेतला. मी हातातली इस्त्री खाली ठेवली नाही. ठेवली असती तर कुठे ठेवली असती, देव जाणे.

त्या वर्षीच्या ऑपेरात एक राणी होती. नवरा लढाईवरून परत येतो आणि ती त्याला ओळखत नाही, अशी गोष्ट. राणीचं काम शेवटच्या वर्षाची एक मुलगी करणार होती. सावळी, हाडापेराने मोठी, आवाज असा की आमच्या तळघरातले नळ थरथरायचे. आधीची तीन वर्षं ती कोरसमध्ये सैल झग्यात उभी राहिली होती. हाच प्रयोग तिची शेवटची परीक्षा होता. बाहेरचे परीक्षक येऊन बसणार, आणि त्यांनी मान हलवली तर पुढे मोठ्या संगीतशाळेत जागा. राणीचं शेवटचं गाणं एकटीचं होतं आणि त्यातला शेवटचा सूर सर बोटांवर मोजून अकरापर्यंत धरायला लावायचे.

सर एका दुपारी खाली आले आणि म्हणाले, "राणीचा पोशाख धाकट्या बाई करतील. सगळा. कापण्यापासून. बाई, तुम्ही कोरसचं बघा." आणि जाता जाता, जणू विसरलेलं काहीतरी आठवलं म्हणून, "पत्रिकेत वेशभूषेला या वेळी धाकट्या बाईंचं नाव जाईल. नव्या माणसाला संधी द्यायला हवी, नाही का?"

मी "हो तर" म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण तोंडाने "हो तर" म्हटलं. धाकटी म्हणाली, "अहो सर, जाऊबाईंचं पण..." पण सर जिन्यावर पोचले होते. ती माझ्याकडे वळली. मी कोरसच्या चोवीस झग्यांचं कापड मोजायला घेतलं, ते आधीच मोजलेलं होतं.

आता मापाचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. गाणाऱ्या माणसाचं माप इतरांसारखं घ्यायचं नसतं. गाणारा श्वास छातीत वर नाही भरत, खाली भरतो, बरगड्यांच्या शेवटाला, पाठीकडे. तिथे माणूस फुगतो. म्हणून मास्तरांची पद्धत होती, माप दोनदा घ्यायचं. एकदा नुसतं उभं राहून, आणि एकदा श्वास भरून, सूर लावायला सांगून. आणि पोशाख कापायचा तो दुसऱ्या मापावर. चांगल्या गाणाऱ्याच्या दोन मापांत अडीच-तीन इंचांचा फरक पडतो. हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही. मास्तरांनी मला सांगितलं, तेही दोन पोशाख माझ्या हातून वाया गेल्यावर.

धाकटीने राणीचं माप घ्यायच्या आधी जुनी वही काढली. मापांची वही. गाणाऱ्यांच्या नावांपुढे दोन दोन आकडे होते. ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि बोट ठेवून म्हणाली, "जाऊबाई, इथे कमरेच्या वर दोन आकडे का आहेत?"

मला ती दुपार नीट आठवते. खिडकीबाहेरून कुणाचे तरी पांढरे बूट चालले होते. मी म्हटलं, "मास्तरांची जुनी सवय. एकदा चुकेल म्हणून दोनदा लिहायचे. एकच घे, पुरे."

खोटं बोलायला इतका कमी वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. ती "बरं" म्हणून गेली. मी झग्याच्या काठाला टाके घालत बसले आणि मनात म्हणत होते, कळू दे जरा. एकदा तरी हिचं काहीतरी चुकू दे. मुलीचं काय होईल हे माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं. मी ते बाजूला सारलं.

पोशाख सुंदर झाला. तेवढं कबूल करायलाच हवं. गर्द हिरवी मखमल, आतून ताठ पट्ट्या, पाठीला हुकांची रांग. पहिल्यांदा अंगावर घालून बघितला तेव्हा ती मुलगी आरशासमोर हललीच नाही. धाकटी तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरली, टाचण्या काढल्या, आणि मला विचारलं, "बरोबर आहे ना, जाऊबाई?"

"अगदी," मी म्हटलं.

आठ दिवसांनी दुसऱ्यांदा घालून बघितला. पुन्हा तिने विचारलं, "बरोबर आहे ना?" जरा थांबून, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, "अगं किती वेळा विचारशील?" मुलीला विचारलं तर ती म्हणाली, घट्ट आहे पण राणीचा आहे म्हणजे घट्टच असणार. ती बिचारी पहिल्यांदाच राणी होत होती. सरांचा नियम होता, रंगीत तालमीआधी पोशाख खोलीबाहेर न्यायचा नाही, त्यामुळे तो घालून ती कधी गायलीच नव्हती.

घरी सासूबाईंना धाकटीने मखमलीचा तुकडा दाखवला. त्यांनी तो गालाला लावला. आमचे हे सुद्धा म्हणाले, "वा, कमाल आहे." एकोणीस हंगामांत माझ्या कामाला या माणसाने वा म्हटलेलं मला आठवत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी भांडी घासायला उठले. ती घासलेलीच होती.

रंगीत तालीम प्रयोगाच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनला. आम्ही दोघी विंगेत, हातात सुईदोरा, गळ्यात टेप. पहिल्या दोन अंकांत राणीला साधा झगा होता, तो कोरसच्या कापडाचा, मी केलेला. ती त्यात मोकळी गायली. तिसऱ्या अंकाला हिरवी मखमल चढली. धाकटीने हूक लावले. मुलगी रंगमंचावर गेली आणि समोर बसलेल्यांतून एक "अरे वा" ऐकू आलं.

गाणं सुरू झालं. सुरुवात खालच्या सुरात आहे, तिथे निभावलं. मग ती वर चढायला लागली आणि मला दिसलं, तिचे खांदे वर उचलले जातायत. खाली जागा मिळेना म्हणून श्वास वर भरत होती. शेवटच्या सुराला आली. अकरा मोजायचे होते, चारला आवाज तुटला. वाद्यवृंद थांबला. सर म्हणाले, पुन्हा. पुन्हा तीनला तुटला. तिच्या गाण्याच्या शिक्षिका खाली पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्या ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, "काय चाललंय? झोप झाली नाही का? उद्या परीक्षक असं ऐकणार?"

मुलीने गळ्याला हात लावला. म्हणाली, "बाई, माझा आवाज गेला." हळूच म्हणाली, पण नाट्यगृह असं बांधलेलं आहे की हळू बोललेलंही शेवटच्या रांगेला जातं. आणि ती तिथेच, त्या मखमलीत, खाली बसायला गेली तर तिला बसताही येईना.

मी इतके दिवस धाकटीचं काहीतरी चुकण्याची वाट बघत होते. चुकलं, आणि रडत होती ही पोर. तिला खरंच वाटत होतं की तिचा गळा संपला. मला ते सोसेना. मी काही विचार केला नाही, सरळ रंगमंचावर गेले, तिला पाठमोरी केली आणि पाठीचे हूक खालपासून वरपर्यंत सोडले. पाठ उघडी पडली, मी माझी शाल टाकली. म्हटलं, "गा."

"बाई, आवाज..."

"आवाजाला काही झालेलं नाही. कपडा आवळ आहे. गा."

ती गायली. अकरा मोजले, वर आणखी दोन. वाद्यवृंदातल्या मुलांनी पाय आपटून दाद दिली. शिक्षिका डोळे पुसत होत्या. सर धावत वर आले, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही होतात म्हणून." इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते मला सगळ्यांसमोर मिळालं.

मग सर वळले. "धाकट्या बाई, गाणाऱ्याच्या पोशाखात श्वासाला जागा ठेवायची असते, हे तुम्हाला माहीत नव्हतं?" आणि लगेच माझ्याकडे, "तुम्ही हिला सांगितलं नव्हतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. 

"सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. विंगेतून पुढे आली, हातात सुई तशीच. "जाऊबाईंनी सांगितलं होतं, दोन मापं घे म्हणून. मीच विसरले."

सरांनी कपाळावर हात मारला. पत्रिका छापून झाल्या होत्या. ते म्हणाले, प्रत्येक पत्रिकेवर चिठ्ठी चिकटवा, वेशभूषा, आणि बाईंचं नाव. आत्ताच्या आत्ता.

आम्ही दोघी पोशाख घेऊन खाली आलो. अजून चांगलं ऊन होतं, खिडकीतून घरी जाणाऱ्यांचे पाय दिसत होते. बाजूच्या शिवणी सोडून पोशाख वाढवायचा होता. मखमलीला शिवणीच्या आत किती माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवतात? अर्धा इंच, फार तर पाऊण. पाऊण इंचात हे भागणार नव्हतं, जोड लावावा लागणार होता, आणि मखमलीला जोड लावला की लांबूनही दिसतो. मी अस्तर उसवलं आणि हात आत घातला.

आत प्रत्येक शिवणीला दीड इंच माया होती. नीट दुमडून, कच्च्या टाक्यांनी बसवलेली. इतकी माया कुणी चुकून ठेवत नाही. पुढे कपडा वाढवावा लागणार हे माहीत असलेलं माणूसच ठेवतं.

मी तिच्याकडे बघितलं. ती दोरा ओवत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"माप घेताना ती गुणगुणत होती. टेप हातातून सरकली. तेव्हा कळलं दोन आकडे कशाचे ते."

"मग त्याच मापावर का नाही कापलंस?"

तिने दोऱ्याला गाठ मारली. "मला वाटलं, पहिल्यांदा घालून बघताना तुम्ही सांगाल. मग वाटलं दुसऱ्यांदा सांगाल. दोन्ही वेळा विचारलं मी तुम्हाला." मग म्हणाली, "मीही हट्टाला पेटले, जाऊबाई. त्या पोरीला रडवलं आपण दोघींनी. तालमीच्या पुढे मात्र मी जाऊ दिलं नसतं."

"आणि वर ते खोटं कशाला बोललीस?"

"तुमचं तेवढंच आहे ना," ती म्हणाली. "ती धरा जरा, अस्तराची कड."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. कारण ती खरं बोलली होती. मी कड धरली. सहापर्यंत पोशाख मोठा झाला, जुन्या शिवणीच्या खुणेवर काळी फीत लावली, आणि फितीने तो आधीपेक्षा छान दिसायला लागला, हे तर विचारूच नका.

दुसऱ्या दिवशी प्रयोगाआधी मी सरांच्या खोलीत गेले. आयुष्यात इतकं जड मी काही उचललं नसेल. म्हटलं, "सर, ती काल बोलली ते खरं नाही. मी तिला सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. ती चिठ्ठी काढा."

सर हसले. पाठीवर थोपटून म्हणाले, "धाकट्या बाई सकाळीच येऊन सांगून गेल्या. म्हणाल्या, जाऊबाई येतील आणि सगळा दोष स्वतःवर घेतील, तुम्ही मनावर घेऊ नका, त्यांचा स्वभावच तसा आहे. बाई, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत."

मी पुन्हा पुन्हा सांगितलं. जितकं सांगितलं तितकी मी त्यांच्या मनात चांगली होत गेले. शेवटी तिसरी घंटा झाली आणि ते निघून गेले.

मुलगी त्या संध्याकाळी गायली, परीक्षकांनी मान हलवली, ती पुढे मोठ्या संगीतशाळेत गेली. दर हंगामाला तिचं पत्र येतं, पाकिटावर माझं नाव असतं. सासूबाईंनी ती चिठ्ठी लावलेली पत्रिका उशीखाली ठेवली आणि जाईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की माझ्या थोरल्या सुनेने एका पोरीचं आयुष्य वाचवलं. धाकटी शेजारी बसून "हो ना" म्हणायची.

याला आता सहा हंगाम झाले. ती अजून डाव्या हाताने कापते, बेसूर गुणगुणते, आणि गाणाऱ्यांचं दुसरं माप घेताना टेपचं टोक माझ्या हातात देते. मागच्या पानावर सगळ्यात खाली माझं नाव छापलेलं असतं. दर वेळी ते वाचलं की मला तिचाच हेवा वाटतो.